दुदुक, क्लावे आणि गिटार: दोन रेडिओ एकदम लागल्यासारखं का वाटतं?

प्रश्न विचारणारा तरुण नाशिकचा आहे आणि पाच-सहा वर्षं जॅझ फ्यूजन गिटार वाजवतो. आर्मेनियन आणि लॅटिन संगीत एकत्र आणणारा सहा रचनांचा अल्बम त्याला करायचा आहे. तीन डेमो त्यानं घरीच केलेत: वर दुदुक या आर्मेनियन फुंकवाद्याची धून (सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले सुटे स्वर वापरून), खाली कोंगा (हातानं वाजवायचं क्युबन तालवाद्य) आणि मोंटुनो (लॅटिन संगीतात पुन्हा पुन्हा वाजणारा स्वरांचा तुकडा), मध्ये स्वतःचा सोलो. तो लिहितो, "सगळं सुरात आहे, तालातही आहे. तरी शेजारच्या दोन घरांतले दोन रेडिओ एकदम ऐकतोय असं वाटतं. कुठली स्केल वापरली म्हणजे हे जुळेल?" तिसऱ्या रचनेचे कॉर्ड आणि बारही (ठरावीक मात्रांचे गट) त्यानं लिहून पाठवलेत, त्यामुळे मोघम न बोलता उत्तर देता येईल.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी सत्तावीस वर्षं गिटार वाजवतोय. त्यातली नऊ वर्षं लॉस एंजेलिसमध्ये गेली. आठवड्याला दोन रात्री लॅटिन बँडमध्ये आणि शनिवारी ग्लेंडेलला आर्मेनियन लग्नांत वाजवणं हा तेव्हा पोटापाण्याचा धंदा होता. ग्लेंडेलमध्ये आर्मेनियन वस्ती खूप मोठी आहे आणि तिला लागूनच स्पॅनिश बोलणाऱ्यांचं शहर पसरलंय. ही दोन्ही संगीतं मी पुस्तकातून शिकलो नाही, पण दोन्हींपैकी कुठलंही माझ्या घरचं नाही. माझ्या म्हणण्यात ही मर्यादा धरूनच चला.

तुमचा प्रश्न स्केलचा आहे असं तुम्हाला वाटतंय. तुमचा कागद पाहिल्यावर मला तो तसा वाटत नाही. आर्मेनियन धून एका जागी उभी असते, तिच्याखाली एक स्वर धरलेला असतो आणि ती त्याच्याशी बोलत राहते. तुमची लॅटिन बाजू सतत चालती आहे, दर दोन बारला कॉर्ड बदलतो. एक माणूस ओट्यावर बसून बोलतोय आणि दुसरा त्याच्यासमोरून येरझाऱ्या घालतोय, असं ते चित्र आहे. दोघांची भाषा जुळली तरी संवाद होत नाही. म्हणून प्रत्येक रचनेत उभं कोण राहणार आणि चालणार कोण, हे आधी ठरवायला हवं. स्केल त्यानंतर.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. दुदुक वाजवणारा जिवंत माणूस मिळणार आहे की सॅम्पलवरच भागवायचंय? नायलॉन तारांची गिटार वाजवणार की इलेक्ट्रिक? कोंगावाला क्लावे (लॅटिन ठेक्याचा पाया असलेली आघातांची ठरलेली नक्षी) जाणणारा आहे की ऑर्केस्ट्रात कोंगा वाजवणारा? या तिन्हींच्या उत्तरांनी माझा सल्ला बदलेल. जमेल तिथे मी तसं सांगत जातो.

स्केलचा विषय आधी हातावेगळा करतो. तुमच्या सोलोत सगळीकडे कोमल रे आणि शुद्ध ग आहे, आपल्या भैरवच्या पूर्वांगासारखं. फ्लॅमेंकोतही ते आहे आणि मध्यपूर्वेतही आहे, त्यामुळे दोन्हीकडे चालेल असा तुमचा तर्क असावा. नेमका तोच घोटाळा आहे. जे सगळीकडे चालतं ते कुठलंच राहत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाळवंट आणि उंट येतात. कोमितास नावाचे आर्मेनियन धर्मगुरू आणि संगीतज्ञ (१८६९ ते १९३५) खेड्यापाड्यांत फिरून शेतकऱ्यांची हजारो गाणी लिहून काढत होते. ती गाणी काढून ऐका. त्यांतला बराच भाग अगदी साध्या स्वरांचा आहे, कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यातली ती मोठी उडी त्यात फार कमी सापडते. वेगळेपण आहे ते स्वर एकमेकांना कसे जोडलेत त्यात.

ही जोडणी नीट समजून घ्या, कारण तुमचं अर्धं उत्तर तिथेच आहे. आपण सप्तकाचे दोन भाग करतो, सा रे ग म आणि प ध नी सां. म संपला की प पासून नवा भाग सुरू होतो. आर्मेनियन पद्धतीत चार स्वरांचा पहिला गट ज्या स्वरावर संपतो त्याच स्वरावरून पुढचा गट सुरू होतो. म्हणजे सा रे ग म, मग म प ध नी, आणि हा नी कोमल येतो, कारण दुसऱ्या गटातली अंतरं पहिल्यासारखीच ठेवायची असतात. तिसरा गट त्या कोमल नी पासून निघतो: नी सां रें गं. इथला गं कोमल आहे! खालच्या सप्तकात शुद्ध ग आणि वरच्या सप्तकात कोमल ग. साखळीची कडी कडीत अडकवत जावी तसं हे वर जातं आणि सप्तक पूर्ण झालं म्हणून सगळं पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. प्रत्येक धून इतकी वर जाते असं नाही. पण जी जाते तिच्या खाली तुम्ही ग असलेला कॉर्ड धरलात तर वरती टक्कर ठरलेली आहे.

आता तुमच्या तिसऱ्या रचनेकडे या. सा म्हणजे तुमचा डी. मोंटुनोत तुम्ही डी मायनर, जी मायनर, ए सेव्हन असे कॉर्ड फिरवताय. डी मायनर खालीच कोमल ग आणून बसवतो, जिथे धुनेला शुद्ध ग हवाय. ए सेव्हन शुद्ध नी आणतो, जिथे धुनेचा नी कोमल आहे. प्रत्येक कॉर्ड आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून तुम्हाला 'सुरात आहे' असं वाटतं. तरी तो धुनेच्या सांध्यांवर पाय ठेवून उभा आहे.

गिटार हातात घ्या. सहावी तार ई वरून उतरवून डी करा. चौथी तार मोकळी (डी), तिसरी मोकळी (जी), दुसरीवर पहिला फ्रेट (सी), पहिलीवरही पहिला फ्रेट (एफ). चारही तारा एकदम छेडा. सा, म, कोमल नी, वरचा कोमल ग. वर सांगितलेल्या साखळीचे हेच सांधे आहेत, जिथे एक कडी दुसरीत अडकते ते स्वर. आणि चार-चार स्वरांच्या अंतरानं रचलेला हा कॉर्ड जॅझवाल्यांच्या रोजच्या वापरातला आहे. मॅकॉय टायनरनं १९६०च्या दशकात पियानोवर तो इतका वाजवला की पुढच्या पिढीच्या कानाला तो घरचाच झाला. म्हणजे जॅझ आणि आर्मेनियन धून यांची गाठ पडायची जागा तुमच्या गिटारवर पहिल्या फ्रेटमध्येच आहे. मला हे उमगलं तेव्हा मी ग्लेंडेलमधल्या एका हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून गिटार वाजवत होतो आणि दुसऱ्या सेटला उशीर झाला होता.

मोंटुनो याच चार स्वरांवर बांधा. मोंटुनो म्हणजे कॉर्डची मालिका असलीच पाहिजे, असं नाही. तो मुळात तालवाद्याचं काम करणारा स्वरांचा तुकडा आहे. एकाच कॉर्डवर तासभर चालणारे मोंटुनो मी लॅटिन बँडमध्ये वाजवलेत आणि लोक तासभर नाचलेत. जमीन हलायची थांबली की दुदुकला उभं राहायला जागा मिळते.

या जमिनीबद्दल थोडं. दुदुक जर्दाळूच्या लाकडाचा असतो, त्याला रुंद वेताची दुहेरी पाती असते, आणि परंपरेनं तो जोडीनं वाजतो. एक जण धून वाजवतो, दुसरा एकच स्वर धरून बसतो. गाल फुगवून तोंडातली हवा बाहेर सोडतानाच तो नाकानं श्वास घेतो, म्हणून स्वर तुटत नाही. या धरलेल्या स्वराला 'दाम' म्हणतात. आपल्याकडचे विद्यार्थी इथे पटकन तानपुऱ्याचं ॲप लावतात. ते करू नका. तानपुऱ्याची जवारी कानाला थेट आपल्या बैठकीत नेऊन बसवते आणि मग धून आर्मेनियन राहत नाही. शिवाय दाम तानपुऱ्यासारखा अढळ नसतो. धुनेचं मुक्कामाचं ठिकाण बदललं की दाम धरणाराही स्वर बदलतो. पहिल्या कडीवरून दुसऱ्या कडीवर धून स्थिरावली की सा सोडून म धरणं, असं. हे सरकणं फार हळू आणि क्वचित होतं, पण होतं. डबल बेस गजानं वाजवणारा कोणी असेल तर त्याच्याकडून दाम धरून घ्या. नसेल तर ई-बो (तार न छेडता सतत वाजती ठेवणारं छोटं यंत्र) घेऊन तुम्हीच गिटारच्या खालच्या तारेवर एक ट्रॅक वाजवा. मी दोन्ही करून पाहिलंय. गज जास्त चांगला, कारण त्यात माणसाचा हात थकलेला ऐकू येतो.

आता तालाकडे येतो. 'दोन रेडिओ' हे तुमचं वर्णन मला सगळ्यात जास्त इथेच खरं वाटतं.

तुमची धून सहा मात्रांच्या बारमध्ये आहे, हे उत्तम झालं. आर्मेनियात आणि एकूण कॉकेशसमध्ये शालाखोसारखी सहाची नृत्यं आहेत. क्युबात आफ्रिकेतून आलेला सहाचा ठेका आहे, त्यात घंटेवर बारा मात्रांत सात आघात पडतात, २-२-१-२-२-२-१ अशा अंतरांनी. (बिलावलच्या स्वरांमधली अंतरं हीच आहेत. जरा वेळ काढून पाहा, मजा वाटेल.) आणि लॅटिन म्हणजे फक्त क्युबा असंही नाही. अर्जेंटिनाच्या चाकारेरात एकाच बारमध्ये कोणी तीन-तीन मोजतो, कोणी दोन-दोन-दोन. आपल्या दादऱ्यावर वाढलेल्या माणसाला सहा हा आकडा परका नाही. तेव्हा सहा हा खरा पूल आहे आणि तुम्ही तो बरोबर निवडलाय.

बिघडलंय ते बारच्या संख्येत. तुमची धून पाच बारांची आहे. मी तीनदा मोजली. क्लावे दोन बारांची असते. सहाच्या हिशोबात पहिल्या बारमध्ये १, ३, ५ वर आघात, दुसऱ्यात २ आणि ४ वर. तीन आघातांची बाजू आणि दोन आघातांची बाजू, श्वास घेणं आणि सोडणं म्हणा हवं तर. पाच बारांची धून एकदा वाजून संपते तेव्हा क्लावेची अडीच आवर्तनं झालेली असतात. धून दुसऱ्यांदा सुरू होते ती नेमकी उलट्या बाजूवर. तिसऱ्यांदा परत सुलट. म्हणजे तुमच्या डेमोत एक आड एक वेळा धून आणि ठेका पाठीला पाठ लावून बसलेत. क्लिकला (रेकॉर्डिंगच्या वेळी कानात वाजणारी मात्रांची टिकटिक) हे कळत नाही, क्लिकच्या दृष्टीनं सगळं तालात आहे. कानाला कळतं.

हीच चूक माझ्या हातून रेकॉर्डिंगमध्ये झाली होती. कोंगा वाजवणारे गृहस्थ हवानाचे, साठीच्या पुढचे. दुसऱ्या फेरीला त्यांनी दोन्ही तळवे चामड्यावर ठेवून आवाज दाबला आणि थांबले. माझ्याकडे न बघता तोंडानं क्लावे म्हणत राहिले, आणि बोटानं खूण केली, गा. मी धून गुणगुणली. सहाव्या बारला, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या तोंडाशी, त्यांनी भुवया वर केल्या. बास, एवढंच. एक शब्दही न बोलता मला कळलं की मी तीन महिने ज्या रचनेवर काम करत होतो ती दर दुसऱ्या फेरीला उलटी पडत होती.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला, धुनेनंतर एक रिकामा बार जोडा. पाचाचे सहा होतात. त्या बारमध्ये फक्त दाम ऐकू येऊ द्या. दुदुकवाल्याला श्वास हवाच असतो, त्यामुळे हा बार ठिगळासारखा वाटत नाही. दुसरा उपाय अवघड आणि सुंदर आहे: धून उलटी पडते तर पडू द्या, पण जाणूनबुजून. क्लावे कधीच बदलत नाही. विषम बारांच्या वाक्यामुळे गाणं तीनाच्या बाजूवरून दोनाच्या बाजूवर जातं. लॅटिन संयोजक विषम बारांचा असा उपयोग मुद्दाम करतात. मात्र मग दुसऱ्या फेरीचा मोंटुनो, बेस, सगळंच त्या बाजूनुसार बदलून लिहावं लागतं. तुमचा कोंगावाला क्लावेत वाढलेला नसेल तर पहिलाच उपाय घ्या.

जे करू नका ते सांगतो: धुनेचा एक बार कापून ती चाराची करू नका. तुमच्या पहिल्या डेमोत मला तसं झाल्याचा संशय आहे, कारण तिथे वाक्य संपायच्या आधीच पुढचं सुरू होतं. विषम लांबीची वाक्यं हा त्या गाण्यांचा श्वास आहे. तो तोडला की नुसता आवाज उरतो.

तालाचीच आणखी एक गोष्ट. तुमच्या पाचव्या रचनेसाठी तुम्ही दहा मात्रांचा जुर्जुना घ्यायचं म्हणताय आणि 'आपल्या झपतालासारखाच' असं लिहिलंय. तो तसा नाही. झपताल २-३-२-३ आहे. जुर्जुना ३-२-२-३. बेरीज दहाच, पण झपताल कुठूनही सुरू केलात तरी त्यातून जुर्जुना निघत नाही. आर्मेनियन लग्नात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी हीच चूक केली. डोक्यात धी ना धी धी ना चालू ठेवून वाजवत होतो आणि दर आवर्तनाला कुठेतरी घसरत होतो. ढोलवाला (हो, त्यांच्याही वाद्याचं नाव ढोलच आहे, आणि ते बहुतेक हातानं वाजवतात) मला म्हणाला, आकडे सोड, त्यांचे पाय बघ. करंगळीत करंगळी अडकवून पंचवीस-तीस माणसं ओळीनं नाचत होती. आजीपासून सात वर्षांच्या पोरापर्यंत. लांब, आखूड, आखूड, लांब. पायांत ते इतकं सरळ होतं की मोजायची गरजच उरली नाही. तुम्ही नाचाचा व्हिडिओ शोधून, आवाज बंद करून, फक्त पाय बघत टाळी वाजवा. आठ दिवस रोज दहा मिनिटं. मगच गिटार उचला. आणि या रचनेत क्लावे घालू नका. दहात क्लावे बसवण्याचे प्रयोग होतात, पण पहिल्या अल्बमला ते ओझं नको. तिथे लॅटिन बाजू कोंगाच्या आवाजातून आणि गिटारच्या उजव्या हातातून येऊ द्या.

आता तुमच्या हाताबद्दल. दुदुकच्या स्वराला सुरुवातीचा ठोका नसतो, तो श्वासातून उगवतो. तुम्ही सोलोत प्रत्येक स्वर पिकनं स्वतंत्र मारताय, फ्यूजनमध्ये आपल्याला तीच सवय लागते. धुनेच्या भागात एका आघातात तीन-चार स्वर काढा, बाकीचं डाव्या हातानं, घसरून आणि सोडून. स्वर लागल्या लागल्या थरथरवू नका, आधी तो स्थिर होऊ द्या. इलेक्ट्रिक असेल तर व्हॉल्यूम पेडलनं आघात झाकता येतो. दुदुकवाला छिद्र अर्धं उघडून आणि ओठांचा दाब कमी-जास्त करून दोन पडद्यांमधल्या जागेत जातो. फ्रेट तिथे जाऊ देत नाहीत, पण तार अगदी किंचित ओढून तुम्ही त्या जागेच्या जवळ पोचू शकता. मराठी कानाला मींड आणि कण उपजत कळतात, ही तुमची जमेची बाजू आहे. फक्त आपली मींड लांब असते, इथली आखूड ठेवा. आणि मोंटुनो वाजवताना याच्या अगदी उलट: तळहाताचा कड तारांवर टेकवून, कोरडं, टणक, तालवाद्य होऊन. एकाच रचनेत दोन वेगळे उजवे हात लागतील. सरावही वेगवेगळा करा.

सॅम्पलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खरा दुदुकवाला मिळत नसेल तर दुदुक वापरू नका. सॅम्पलमध्ये एकेक स्वर सुंदर असतो, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जे घडतं ते त्यात नसतं, आणि ही धून तिथेच राहते. वर मोठ्या गुहेसारखा रिव्हर्ब टाकला की इतिहासपटाचं पार्श्वसंगीत तयार होतं. सनई चालेल का, हेही तुम्ही विचारलंय. सनईचा पोकळ भाग खाली रुंद होत जातो, आवाज खुला आणि भेदक; ती झुर्ना या त्यांच्याकडच्या सनईसारख्या वाद्याच्या जवळची. दुदुकचा पोकळ भाग नळीसारखा सरळ आहे, म्हणून त्याचा आवाज क्लॅरिनेटकडे झुकतो. अमेरिकेतल्या आर्मेनियन लग्नांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट भरपूर वाजायचा. आणि क्लॅरिनेट वाजवणारे आपल्याकडे कमी नाहीत. लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य घालवलेला एखादा क्लॅरिनेटवाला नाशिकमध्येच शोधा. स्वर वळवायचा कसा हे त्याला कोणी शिकवावं लागणार नाही. त्याला मूळ धून आठवडाभर ऐकू द्या, नोटेशन देऊ नका.

ऐकायचं काय, हेही विचारलंय. अल दि मेओलाचा १९९१ सालचा 'वर्ल्ड सिन्फोनिया' घ्या. रिटर्न टू फॉरेव्हर या जॅझ फ्यूजन बँडमध्ये १९७४ साली, एकोणीस-वीस वर्षांचा असताना आलेला हा गिटारवादक वेगासाठी प्रसिद्ध झाला. इथे त्यानं ध्वनिगिटार हातात घेतली, सोबत अर्जेंटिनाचे दिनो सालुझी बँडोनियनवर (टँगोतलं भात्याचं वाद्य), गम्बी ऑर्टिझ कोंगावर आणि इस्तंबूलजवळ जन्मलेला आर्मेनियन तालवादक आर्टो तुंचबोयाजियान. टँगोचे संगीतकार पियाझोला यांच्या टँगो सूटचे भाग त्यात आहेत. लक्ष कशाकडे द्यायचं सांगतो. आर्मेनियन रंगासाठी तिथे दुदुक आणलेला नाही. तो माणूस आणलाय, त्याचा हात आणि त्याचं वजन ठेवण्याचं भान आणलंय. पहिल्यांदा फक्त तालवाद्यं ऐका, गिटार जणू नाहीच असं समजून. आर्टोचं स्वतःचं काम ऐकायचं तर आरा दिंकजियानच्या ऊदबरोबरचा 'नाइट आर्क' हा गट आणि पुढे १९९८ मध्ये काढलेला आर्मेनियन नेव्ही बँड. पियानोवर आजचा माणूस म्हणजे १९८७ साली ग्युम्रीत जन्मलेला तिग्रान हमासियान. विषम बारांची लोकधून न कापता जॅझमध्ये कशी चालते ते त्याच्याकडून शिका. आपल्या कानांना लॅटिन बाजूची ओळख आहेच, सी. रामचंद्र आणि गोव्याचे चिक चॉकलेट यांनी पन्नासच्या दशकात बोंगो आणि माराकास आपल्या घराघरांत पोचवले. पण तो ओळखीचा ठेका क्लावेसकट आला नव्हता, हे लक्षात ठेवून पुन्हा ऐका.

एक गोष्ट मी तुम्हाला कळकळीनं सांगणार आहे. तुमच्या यादीत चौथ्या क्रमांकावर 'क्रुंक' आहे आणि त्याखाली तुम्ही साल्सा लिहिलंय. क्रुंक म्हणजे करकोचा. परदेशात पडलेला माणूस उडत्या करकोच्याला विचारतो, आमच्या गावाकडची काही खबर आणलीस का? ते गाणं १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारानंतर जगभर विखुरलेल्या लोकांच्या घरांत वाजत आलंय. कोमितासना स्वतःला २४ एप्रिल १९१५ रोजी कॉन्स्टँटिनोपलमध्ये पकडून नेलं होतं. ते परत आले, पण मनानं कोलमडले आणि शेवटची वर्षं त्यांनी पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात काढली. वाचलेल्यांपैकी अनेक कुटुंबं ब्युनोस आयर्स, मॉन्टेव्हिडिओ, साओ पावलोला जाऊन राहिली. ब्युनोस आयर्समध्ये आजही आर्मेनिया नावाचा रस्ता आहे, आणि त्या नरसंहाराला मान्यता देणारा पहिला देश उरुग्वे, १९६५ मध्ये. आर्मेनियन आणि लॅटिन यांची भेट कुणा गिटारवाल्याच्या कल्पनेतून झालेली नाही, ती बोटीतून उतरलेल्या माणसांनी केलीय. बंदरावर उतरलेल्या परक्यांच्या वस्तीत वाढलेला टँगो त्या दुःखाला ओळखतो. म्हणून क्रुंक घ्यायचंच असेल तर साल्सा काढा. ३-३-२ ची संथ मिलोंगा (टँगोच्या नात्यातला ठेका), एक गिटार, एक दाम आणि क्लॅरिनेट. कोंगा नको. सोलोही नको असं मी म्हणेन, पण तो निर्णय तुमचा.

रेकॉर्डिंगबाबत थोडक्यात. तालवाद्य आणि धून एकत्र, एकाच खोलीत, क्लिकशिवाय घ्या, गिटार नंतर. तुमच्या डेमोत उलट झालंय, गिटार क्लिकवर आधी आणि बाकीचे तिच्यामागे, त्यामुळे कोणालाच श्वास नाही. मिक्सिंगमध्ये क्लॅरिनेट आणि नायलॉन गिटार एकाच मधल्या पट्टीत भांडतील. ईक्यू फिरवत बसण्याआधी गिटार एक सप्तक वर किंवा खाली वाजवून पाहा, निम्मं भांडण तिथेच मिटतं.

तेव्हा या आठवड्यात फक्त तिसरी रचना घ्या. कॉर्डची मालिका पुसून तो सा-म-नी-ग चा एकच कॉर्ड ठेवा. सहावी तार डी वर उतरवा. कोंगा बंद करून नुसत्या टाळीवर क्लावे धरा आणि धून गा, पाच बार. सहाव्या बारला टाळी चालू ठेवून गप्प राहा, आणि मग पुन्हा सुरू करा. हे दहा वेळा सलग जमलं की मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवा. गिटार नसलेलंच पाठवा.